गेटसमोरची झेरॉक्स

सेलूहून पाथरीकडं निघालं की डाव्या हाताला
जुनं जिनिंग, त्यात आता फार्मसी कॉलेज.
वारं सुटलं की अजून पत्र्याच्या सांध्यातून
कुठल्या तरी सालचा कापूस पडतो,
पोरींच्या पांढऱ्या कोटावर बसतो. दिसत नाही.
समोर माझं दुकान. एक मशीन, एक लॅमिनेशन,
दोन रुपयाला पान, पाठपोट तीनला.

गिऱ्हाईक चिल्लर मोजत विचारतं,
“काहो ताई, हितली पोरं वाया गेलेली म्हणं?
पैसे भरायचे अन् पास व्हायचं.”
मी म्हणते, थांबा, टोनर हलवून घेते.

खोटं कशाला बोलू.
चेअरमनचा भाचा बुलेटच्या टाकीवर बसून
अकराला पोहे खातो, दोनला घरी जातो,
दुसऱ्याची वही धाडतो,
नावावर चिठ्ठी चिकटवून झेरॉक्स काढायला.
तो अगदी तुम्ही म्हणता तसाच आहे,
तुमच्या बोलण्याचं माप घेऊन शिवल्यासारखा.
तेवढा एक धरा.

येलदरीकडच्या तांड्यावरचा प्रल्हाद आडे
परीक्षेच्या आठ दिवस आधी आला.
“ताई, बारीक करा. आणखी बारीक.”
चाळीस टक्क्यांवर आणलं, मुंगीएवढी अक्षरं,
काय ते समजले, पैसे घेतले.
त्याच आठवड्यात आईला रात्री ताप भरला.
स्टेशनजवळच्या मेडिकलात काउंटरमागं हाच,
खिशातून तीच पट्टी काढून ट्यूबखाली धरलेली,
बोट एकेका औषधावरून सरकत होतं.
“आजी बीपीची गोळी घेतात का?
मग ही नको, दुसरी देतो.”
घरी येईपर्यंत मला माझंच हसू आलं.
आता पेपरच्या दिवशी तो खिसा रिकामा होता का,
मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

मानवतहून सातच्या गाडीनं येणारी नाजेमा,
तिच्याबद्दल म्हणतात, लग्नाच्या कागदावर
दोन ओळी वाढाव्यात म्हणून शिकते.
तो कागद माझ्याच दुकानात टाइप झाला.
“हौ ताई, स्थळासाठीच,” ती म्हणाली,
अन् प्रिंट निघेस्तोवर हळूच,
“म्हणून तर एक विषय ठेवलाय.
अब्बा म्हणाले, पास झाल्यावर बघू.
वर्ष मिळालं की.”
कॉलेजचा निकाल यंदाही कमी लागला.
निकालाच्या कागदावर कारणाचा रकाना नसतो.

झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं
की फोटोतला चेहरा काळा होतो, नुसते कान उरतात.
या पोरांची गावात चौथी-पाचवी प्रत फिरते.
मला ओरिजिनल ठाऊक आहे असंही नाही.
काचेवर पालथं घातलेलंच येतं माझ्या हाती,
तेही झाकण लावेपर्यंत.

एवढं सगळं मी शहाणपणानं सांगते
अन् औंदा माझी शिवकन्या त्याच कॉलेजात.
नंबर लागला म्हणते मी. लागला कसला,
बांगड्या मोडून भरला.
परवा नांदेडच्या नणंदेचा फोन आला,
“पोरगी कुठं घातली मग?”
“हितंच, परभणीच्या बाजूला,” मी म्हणाले,
“चांगलं आहे तसं.”
नाव विचारलं तर मशीनचा आवाज येतोय म्हणाले.
मशीन बंद होतं.

मागं वळले तर ती दारात उभी,
कोटाच्या खांद्यावर कापसाचा एवढुसा धागा.
बोलली काही नाही.
सकाळपासून अडकून बसलेला कागद
तिनं झाकण उघडून हळू ओढला,
मांडीवर ठेवून तळहातानं सरळ केला,
अन् उभ्या गिऱ्हाइकाला विचारलं,
“एकीकडून, का पाठपोट?”