शिडी मिळेल

आमच्या गावाचं पत्रक महिन्यातून एकदा निघतं.
चार पानं, फिकट पिवळी.
यंत्रातली शाई सरत आली
की शेवटच्या पानावरच्या बातम्या करड्या होतात.
एकोणीस वर्षं मी ते काढते आहे,
कारण त्या सभेतून मी खोकला आला म्हणून बाहेर गेले
आणि परत येईतो माझं नाव सुचवून, मंजूर होऊन, चहाही सुरू झाला होता.

या महिन्यात:
मंगळवारची बस आता मंगळवारीही येणार नाही.
सभागृहाचा बॉयलर दुरुस्त झाला आहे; त्याच्याशी जरा हळू वागावं.
मिसेस पिंचबेक यांचं कासव तिसऱ्यांदा हरवलं आहे.
शोधणाऱ्यांनी दक्षिणेकडे बघावं, त्याला तिकडची ओढ आहे.
चर्चमध्ये घंटा सहा, वाजवणारे पाच.
भोपळ्याचं बक्षीस यंदा कुणालाच नाही.
कारण छापण्यासारखं नाही, आणि सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि चौथ्या पानाच्या तळाशी, नेहमीच्या जागी:
शिडी मिळेल. विल्फ्रेड ॲस्क्यू, गिरणीमागची गल्ली.

विल्फ्रेड फेब्रुवारीत गेला.
इतका चिखल, की निम्मं गाव गमबूट घालूनच चर्चमध्ये बसलं
आणि पाद्रीबाई वाचायच्या थांबल्या की
बुटांची करकर तेवढी ऐकू यायची.
जाहिरातीचे म्हणून तो दर जानेवारीत सहा अंडी आणून द्यायचा.
यंदाचीही दिली होती.
मार्चमध्ये ती ओळ काढायची मी विसरले.
एप्रिलमध्ये विसरले नाही.
अंडी वर्षाची होती, असं स्वतःला सांगितलं.

लिंकनहून त्याची भाची आली घर रिकामं करायला.
शेडच्या भिंतीवर सगळीकडे धूळ,
मधोमध शिडीएवढी जागा स्वच्छ.
शिडी नव्हती.

जूनमध्ये फोन आला, नव्या घरांतल्या तोलू अडेयेमीचा.
रात्रपाळीची नर्स, दिवसा झोपणार,
आणि पोटमाळ्यात काहीतरी खुडबुडतं.
"पत्रकात वाचलं, शिडी मिळेल म्हणून."
मी म्हटलं, मिळेल.
फोन ठेवला आणि कोट चढवला.

प्रिचेट म्हणाला, पन्हळी साफ करून मी ती ओबेडला दिली.
ओबेड म्हणाला, नाताळच्या दिव्यांसाठी चर्चने नेली.
चर्चमधून ती मांजरापायी क्रॉफ्टरांकडे गेली होती.
मांजर खाली आलं, शिडी पुढे गेली.
कुणी म्हणालं वरच्या मळ्यात, कुणी म्हणालं शाळेत,
शाळेत म्हणाले, आमच्याकडे असती तर आम्हीच नसतो का
छपरावरचा चेंडू काढला?
नऊ दारं झाली.
एका दारात वाटाणे सोलून घेतले माझ्याकडून,
एका दारात रडून घेतलं
(त्याचा शिडीशी काही संबंध नव्हता).

शिडी कुठे आहे ते नऊंपैकी एकालाही माहीत नव्हतं.
पण दार लावता लावता प्रत्येकाने, अगदी प्रत्येकाने,
बोट वर करून, त्याच्यासारखाच घसा खाकरून सांगितलं:
सातवी पायरी सोडून चढ हं.

तोलूच्या पोटमाळ्यात शेवटी ओबेड गेला,
स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर खुर्ची, त्यावर तो.
खारी होत्या. अजून आहेत.
तोलू म्हणते, आता तिला त्यांची वेळ कळली आहे.

रात्री मी जुलैचं पत्रक जुळवायला बसले.
बस नाही. कासव सापडलं, दक्षिणेला.
सहाव्या घंटेसाठी नाव आलं आहे: अडेयेमी, रात्रपाळी नसेल तेव्हा.
चौथं पान, तळाशी.
विल्फ्रेडचं नाव खोडलं. गल्लीही खोडली.
उरलेली ओळ फारच आखूड दिसायला लागली,
म्हणून पुढे लिहिलं:

शिडी मिळेल. विचारत यावं.
सातवी पायरी सोडून चढावं.