एका माशाला किती पाणी

नवरोजच्या टेबलावर सात वस्तू मांडून झाल्या,
मग हा: काचेच्या गोल भांड्यात,
बोटाच्या पेराएवढा, नारिंगी,
बाजारात सगळ्यात शेवटी घेतलेला
आणि सगळ्यात स्वस्त.
बर्दियानं नाव ठेवलं, सरदार.

रिवाज असा, की तेराव्या दिवशी
घरदार बाहेर पडतं, गवतावर बसून जेवतं,
आणि मासा नदीला देऊन टाकतं.
आम्हीही गेलो. इस्फहानात, तेहतीस कमानींच्या पुलाखाली.
नदी नव्हती.
तडे गेलेल्या पात्रात पोरं फुटबॉल खेळत होती,
एक गोल तर थेट कमानीतून गेला.
बर्दिया भांडं पोटाशी धरून उभा.
"आता?"

चौथ्या दिवशी पाणी गढुळलं.
सरदार वर येऊन तोंडानं हवा ओढायला लागला.
दुकानात जमशीदआगांनी भांड्याकडे पाहिलं,
माझ्याकडे नाही.
"बाई, हे घर नाही, हा पेला आहे.
हा वीतभर होईल, वीस वर्षं जगेल,
जगू दिलात तर.
शंभर लिटर आत्ता, पुढे त्याच्या दुप्पट.
उंच टाकी नको, पसरट घ्या,
हवा पाण्याला वरूनच भेटते.
आणि फिल्टर असा घ्या,
की सगळं पाणी तासात दहादा त्यातून फिरेल.
मासे पुष्कळ घाण करतात,
हा तर त्यातला बादशहा."

फिल्टर मला कुणी समजावायला नको.
बारा वर्षं मी तेच करते.
तूबा खानमचं रक्त माझ्या मशीनमधून
चार तास फिरतं, आठवड्यातून तीनदा.
तिच्या देहात साचलेलं मी रात्रपाळीतही मोजते.
पण हे नवीन होतं, की याच्या कल्ल्यांतून जे विष सुटतं
त्याच पाण्यात याचा पुढचा श्वास असतो.
तूबा खानमला निदान खिडकी आहे.

मासा एका पावाच्या किमतीचा,
टाकी माझ्या अर्ध्या पगाराची.
शिवणयंत्र माळ्यावर गेलं.
स्पंज चालू केला, तरी आगा म्हणाले, थांबा,
त्यात जीव धरायला महिना दीड महिना लागतो,
डोळ्यांना न दिसणारे जीव, ते विष खाणारे.
तोवर थोडंच खायला घाला, पाणी रोज थोडं बदला,
नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मगच ओता.
आणि स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका,
टाकीतल्याच जुन्या पाण्यात पिळा.
फार स्वच्छ कराल तर माराल.
(हे वाक्य मी वॉर्डातल्या मुलींना सांगितलं.
त्या हसल्या. मी हसले नाही.)

वरच्या मजल्यावरची शहरबानू मला पाण्यात पाहायला लागली.
जिन्यात गाठून म्हणाली,
"आमच्या नळाला दिवसाआड पाणी,
आणि तुमच्या माशाला शंभर लिटर?"
तिचं चुकलं नव्हतं.
मी कबूलही केलं, तिथेच, हातात बादली धरून.
त्या शुक्रवारपासून टाकीतून काढलेलं पिवळट पाणी
तिच्या गच्चीवरच्या डाळिंबाच्या कुंड्यांत जातं.
ती आभार मानत नाही. बादली रिकामी परत ठेवते,
कधी तळाशी चार अक्रोड.

सरदार आता टाकीच्या एका टोकाला वळतो
तेव्हा सगळं अंग वळतं, शेपूट मागाहून येते,
लांब पडद्यासारखी.
बर्दिया टाकीशेजारी बसून पाढे म्हणतो,
चुकतो तेव्हा त्याच्याकडेच बघतो.

काल मशीनवर असताना तूबा खानमनं विचारलं,
"तुझा मासा केवढा झाला गं?"
आणि मोजायला हात वर केला,
पण एकच. दुसऱ्यात सुई होती.
मग दुसऱ्या टोकाला मी माझा हात धरला,
तिच्या तळव्यासमोर,
थोडं मागे सरकवला,
अजून थोडं.