पॉज

अकरा वर्षं पाटबंधारे खात्यात
मी पाण्याबद्दल बोलते आहे.
बत्तीस स्लाइड. क्युसेक, विसर्ग,
चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका.
सांगलवाडीच्या शाळेत गेल्या मे महिन्यात
नवव्या स्लाइडला पहिली रांग झोपली.
शेवटी विचारलं, काही प्रश्न?
मागून एक हात वर आला,
"मॅडम, चहा आहे का नाही?"

शाळेचे पत्रे वाजले एवढे हसले लोक.
घरी येईपर्यंत
मला त्या माणसाचा हेवा वाटत राहिला.

म्हणून दर गुरुवारी विश्रामबागला,
झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
शिकवणारा इम्रोज मुजावर, वय तेवीस,
दिवसा मिरजेत मोबाइलच्या काचा बदलतो.
शिकणारे आम्ही चौघं: मी,
एक एलआयसीवाला, एक दातांची डॉक्टर,
आणि एक मुलगा, जो अजून काहीच बोललेला नाही.

मी सासूवरचा विनोद सांगितला, फोनवर आलेला.
पंखा ऐकू आला.
इम्रोज म्हणाला, "ही सासू तुमची न्हवं.
तुमची आणा.
आणि मॅडम, तुम्ही उत्तर आधी सांगताय.
वाक्य टाकायचं
आणि हलायचं नाही."

हलायचं नाही, हे मला जमेना.
गप्प झाले की हात आपोआप
पुढच्या स्लाइडचं बटण शोधायचा.

मग आणली माझी सासू.
पुराच्या होडीत चढताना
तिनं दागिने सोडले, मिक्सर घेतला.
खोक्यातला, कोरा. लग्नात आलेला,
दुसऱ्याच्या लग्नात द्यायला जपलेला.
होडीवाला म्हणाला, आजी, एक काहीतरी ठेवा.
तिनं सासऱ्यांकडे बघितलं.

एलआयसीवाला खुर्चीवरून घसरला.

पण त्याच्या खाली एक वाक्य होतं,
ते मी सहा गुरुवार गिळत होते:
पाणी आपल्या गल्लीत येत नाही,
असं घरी सांगितलं होतं कुणी?
खात्यातल्या इंजिनियरनं. मी.
शेजारच्या वायदंडे टेलरनी
माझ्याकडे बघूनच
शिलाई मशीन खाली ठेवलं होतं.

या मे महिन्यात तीच शाळा. प्रोजेक्टर बंद.
मिक्सरला हसले, सासऱ्यांना हसले,
माझ्यावर तर फारच हसले.
मग मशीनचं वाक्य टाकलं.
हलले नाही.

तिसऱ्या रांगेत वायदंडे बसलेले,
गळ्यात मोजपट्टी तशीच.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
मनात मोजत होते: एक, दोन,
तीनला वाटलं, आता पळावं.

"नवं घेतलं की ओ," ते म्हणाले,
"माडीवर ठेवलंय.
आता गिऱ्हाईक चढंना झालंय."

पत्रे पुन्हा वाजले.
तो हशा माझा नव्हता, मी त्याला शिवले नाही.
पूर्ण ओसरू दिला.

मग विचारलं,
आणि तुमचं? तुमचं काय काय खाली आहे?