नारिंगी

सराफ्यातली रात्र दीडनंतर आवरायला लागते.
भुट्ट्याच्या किसाची शेवटची कढई खरवडली जाते
आणि खांबावरचा कॅमेरा
दिसेल ते आमच्याकडे पाठवतो.
पाटनीपुऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर,
आम्ही सातजणी
त्या रात्रीला दिवसाउजेडी चौकटी घालतो.

माणूस. गाय. हातगाडी. कचरापेटी.
चेहरा दिसला तर आत आणखी एक लहान चौकट.
एकीचे साठ पैसे. चुकली तर पुन्हा, फुकट.
"अहो, कान बाहेर राहिला," शाजापूरकर सर म्हणतात,
जसा काही मीच कुणाचा कान कापला.

यंत्राला सगळ्यात आधी कचरापेटी आली.
शंभरात नव्व्याण्णव.
आमच्या गावाला शोभलंच ते.
मग गाय. मग स्कूटर, वर चारजण असले तरी.
झाडणारी बाई मात्र येईना:
तोंडावर ओढणी, मान खाली,
खराटा तिच्याहून उंच.
शंभरात एकतीस.
सर म्हणाले, हिचे नमुने वाढवा.

वाढवले.
वाकलेली, पाठमोरी,
ओट्यावर बसून अंगठ्याने टाच दाबणारी,
एकदा जिलबीच्या विझत्या भट्टीपाशी हात शेकताना.
चारशे बारा चौकटी.
फेब्रुवारी सरता सरता यंत्र तिला ओळखू लागलं,
सत्त्याण्णव,
आणि सरांनी सगळ्यांना पोहे मागवले,
वर जीरावन, शेव, हात सैल सोडून.

सोमवारी नवी चित्रं आली.
एका शटरच्या कडीला नारिंगी जाकीट टांगलेलं.
त्याच्याभोवती यंत्राची चौकट:
माणूस, सत्त्याण्णव.
दोन हातांवर ती स्वतः,
नळाशी तोंड धूत,
ओढणी सुटलेली, चेहरा थेट आमच्याकडे,
आणि तिच्याभोवती काहीच नाही.
नुसता ओला रस्ता.

आम्ही हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.
सरांनी वहीत लिहिलं: जाकिटाविना नमुने हवेत.

गुरुवारी राजवाड्याच्या थांब्यावर
शेजारी कुणी बाई येऊन बसली.
निळी साडी, मांडीवर औषधांची पिशवी.
"दीदी, एमवाय की बस यहीं रुकती है?"
मोबाइलमधून मान न काढता
मी हो म्हणाले.
बस आली, ती चढली,
दांडा धरून पायरीवर एका पायावर उभी राहिली,
चप्पल काढली,
अंगठ्याने टाच दाबली.

तेव्हा कुठे.