हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की सुगरता वलथरे
धानाच्या बांध्या ओलांडून पोस्टात येते,
पायांना चिखल, ओच्यात पासबुक.
ओट्यावर टेकते, श्वास जमवते, म्हणते,
‘लिही बाबू, जित्ती आहे म्हनून.’

मी फॉर्म काढतो.
मयताचं नाव : दसरू झिटू वलथरे.
काम : जखमींची डोली उचलणे.
ठिकाण : मेक्टिला, ब्रह्मदेश. मार्च १९४५.
ती ‘मेट्टीला’ म्हणते,
जणू लाखांदूरच्या वाटेवरचं एखादं गाव,
बैलगाडी जुंपली तर दिवस मावळायच्या आत पोचावं असं.

तिथेही तळं होतं. एक नाही, दोन.
हे तिला मनिराम उईकेनं सांगितलं,
एक कान तिकडेच ठेवून जो परत आला.
आमच्या तळ्याच्या पाळीवर बसून तो सांगायचा
आणि ती जाळ्याचे फाटके डोळे शिवत ऐकायची :

शहर म्हणजे काय,
दोन तळ्यांमधून रस्ता, तांदळाच्या गिरण्या,
आणि घरं.
साहेब म्हणायचे, घर घेतलं, आता पुढचं घ्या.
घेतलेल्या घरात घेण्यासारखं काही नसायचं.
एकदा चुलीवर भात होता. वाफ निघत होती.
माणूस एक नाही.
आम्ही खाल्ला तो भात. आपल्यासारखाच जाडा.

रस्त्यात खड्डे, खड्ड्यात एकेक जपानी,
मांडीत बॉम्ब, हातात दगड.
रणगाडा डोक्यावर आला की ठोकायचं
आणि त्याच्यासकट जायचं.
जात्यावर बसावं तसा बसलेला, वाट बघत.
एकाला आमच्याकडची गोळी आधी लागली.
दगड मुठीतच.
दसरूनं एकेक बोट सोडवून तो काढून घेतला, खिशात टाकला.
कशाला, विचारायचं राहून गेलं.
दुपारी डोलीच्या पुढच्या दांड्याला तो,
मागच्याला मी.
पुढचा गेला.

खिशातलं सामान पुढे टपालानं आलं :
एक चिलीम, अर्धं कार्ड, आणि तो दगड.
दुधाच्या झाकणावर ठेवते ती.
‘त्यानं मी काही ठोकत नाही,’ म्हणाली एकदा,
‘मांजर येते ना.’

मी तालुक्याच्या वाचनालयात जाऊन शोधलं.
जाड पुस्तकात दीड पान होतं.
शहर पडलं, रसद तुटली,
लढाई तिथूनच फिरली,
रंगूनचा रस्ता मोकळा झाला.
मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं तिला.
ती म्हणाली, ‘रस्ता मोकरा झाला?
मंग तो काहून नाही आला?’

अजून एक विचारलं तिनं. मला नाही,
मनिरामला, तो होता तेव्हा.
पळणारी माणसं तिथल्या तळ्यात उतरली,
बुडाली, गोळ्यांनी मेली, फुगून वर आली,
असं तो सांगत होता. आणि ती मध्येच,
सुई तशीच धरून :
‘त्या तऱ्यातली मासोरी
त्या साली कोनं खाल्लन?’
मनिरामनं बहिरा कान पुढे केला.
त्यानंतर त्यानं मेक्टिलाची गोष्ट काढली नाही.

पुनर्विवाह केला आहे काय? नाही.
अन्य उत्पन्न? शिंगाडे, थोडी मासळी.
सही अथवा अंगठा.
बावन्न वर्षांत तिच्या अंगठ्याच्या रेषा
जाळं ओढून ओढून पुसत आल्यात,
दोनदा, तीनदा दाबावा लागतो.
आज दाबता दाबता थांबली.
‘त्या खड्ड्यातल्याची बायको असन ना रे बाबू.
तिचं कोनी लिहत असन का,
जित्ती आहे म्हनून?’

माझ्याकडे त्याचा फॉर्म नव्हता.
मी शिक्का मारला. तारीख जरा तिरकी पडली.

ती उठली, अंगठ्याची शाई केसांना पुसली,
पाळीच्या वाटेला लागली.
पांढऱ्यात तो निळा डाग लांबूनही दिसत होता.
टिकेल म्हणा,
उद्याच्या न्हाण्यापर्यंत.