पित्त असावं

दोनला दहा कमी.
सुकुमार उठून बसला, म्हणाला,
छातीवर पोतं ठेवल्यागत वाटतंय.
पोतं हा शब्द त्यानं उगाच वापरला नसणार.
एकवीस वर्षं मार्केट यार्डात हळदीची तोलाई केलेला माणूस
वजनाच्या बाबतीत खोटं बोलत नाही.

इलाहीभाईनं बनियनवरच रिक्षा काढली.
संजयनगर ते मिरज रोड
सगळे सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत होते.
माझ्या मांडीवर स्टीलचा डबा.
डबा भिशीचा. अकरा बायकांचे दोन-दोन हजार.
या महिन्याची पाळी अक्काताई होवाळची,
सोमवारी तिच्या हातात द्यायचे होते.

काउंटरवरचा पोरगा म्हणाला, पस्तीस हजार.
मी म्हटलं, सरकारी कार्ड आहे.
कार्डात बसतंय का ते आजार कळल्यावर कळणार.
आणि आजार कळायला?
पस्तीस हजार.
पोरगा वाईट नव्हता. त्यानं पाण्याची बाटली पुढं सरकवली.
ती बिलात नव्हती, मी नंतर बघितलं.

डबा उघडला.
पाचशेच्या, शंभरच्या, भाजीवाल्या अलकाच्या चुरगळलेल्या विसाच्या.
यंत्रातून फर्रकन गेल्या सगळ्या.
उरलेले दिरानं फोनवरून टाकले,
कशाला म्हणून विचारलं नाही.
ते न विचारणं अजून फेडायचंय.

पडद्यामागं तो,
छातीला चिकटवलेल्या गोल टिकल्या, बोटाला चिमटा.
शेजारच्या पडद्यामागं कुणी कन्नडमधून रडत होतं,
जतकडचं असेल.
सिस्टर चिठ्ठी द्यायची, मी खाली औषधाच्या खिडकीशी,
परत वर, परत चिठ्ठी.
पायऱ्या चोवीस.
तिसऱ्या खेपेला सुकुमार म्हणाला,
चप्पल कुठाय तुझी?
खाली बघितलं. खरंच नव्हती.

सहा वाजता डॉक्टर आले, डोळे चोळत.
दुसऱ्यांदा घेतलेलं रक्तही नीट आहे.
हार्ट चांगलं आहे.
पित्त असावं.

मी हात जोडले
आणि जोडलेल्या हातांतच हिशोब सुरू झाला.
कुणाला सांगण्यासारखं नाही हे,
पण एक क्षण वाटून गेलं
एवढ्या पैशांत निदान काहीतरी निघायला हवं होतं.
एकच क्षण.
मग मनातल्या मनात थोबाडीत मारून घेतली.

बिल एकतीस हजार सहाशे चाळीस.
सुकुमारनं ते तोलाईच्या पावतीसारखं वाचलं,
ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत.
हातमोजे नऊ जोड.
मी तीन बघितले, तो म्हणाला.
अगं, गाडीत दोन पोती कमी भरली
तर व्यापारी माझी गचांडी धरतो.
मग कागदाची चौघडी घालून खिशात ठेवली.
इथला काटा कुठं ठेवलाय
हेच आम्हाला माहीत नव्हतं.

परत मिळालेले तीन हजार तीनशे साठ मी डब्यात टाकले.
रिक्षात त्यानं डबा माझ्याकडून घेतला,
तळहातावर धरला थोडा वेळ,
आणि परत दिला.

चौथ्या दिवशी अक्काताई आली.
उंबऱ्यापाशीच उभी राहिली, पदराचं टोक चिमटीत.
कसे आहेत भाऊ?
बरे आहेत, मी म्हटलं.
तिनं काय विचारलं ते मला कळलं,
मी काय सांगितलं ते तिला.
चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाली,
तिच्या पोरीच्या नर्सिंगच्या फीची तारीख होती.

परवा रात्री परत जाग आली.
तो खाटेच्या कडेला, पाठमोरा.
हात छातीवर होता की सदऱ्याच्या गुंडीवर
अंधारात कळलं नाही.
मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला,
पित्त आहे.
असावं नाही म्हणाला.
आहे म्हणाला.

कपाटावर डबा.
त्यात किती आहेत
ते दोघांनाही पाठ होतं.