डावखुरी

ताराबाई पार्कातल्या मोघेबाई
पाट्याला टाकी लावून घ्यायला आल्या तेव्हा
पिशवीच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेलं
आणखी एक काहीतरी होतं.
"मुलानं कॅनडाहून आणलेला सील. हातातून निसटला,
शेपटाचा टवका उडालाय.
जमेल का हो, तिमाप्पा?"

बापानं आधी नखानं ओरखडून बघितलं.
"ह्यो दगुड न्हवं बाई, लोनी हाय.
शंखजिरं. पोरं पाटीवर गिरवत्यात त्ये."
आणि हसला,
चाळीस वर्षं काळ्या फत्तराशी भांडलेला माणूस
हसतो तसा,
खोकला लागेपर्यंत.

रात्री मात्र बल्बखाली बसून
त्या हिरवट पाठीवरून अंगठा फिरवत राहिला.
गवळी गाभण म्हशीच्या कुशीवरून फिरवतो, तसा.
घरच्या बोलीत पुटपुटला, रायी, रायी,
आणि मला हाक मारली.
"कानशीच्या रेघा बघ कुठनं कुठं गेल्यात.
आपल्या उलट्या.
डावखुरी हाय बाई."
बाईच कशावरून?
त्यानं उत्तर दिलं नाही.
आई डावखुरी होती.
हे मीही बोलले नाही.

बुडाला खुणा होत्या: एक त्रिकोण, दोन आकडे,
गळासारखं वळलेलं काही,
आणि त्यांच्याखाली चार अंक.
मोघेबाईंना विचारलं. त्यांच्या मुलानं सांगितलं होतं,
तिकडच्या माणसांची नावं साहेबाला लिहिता येईनात,
म्हणून सरकारनं नंबर दिले,
चकतीवर कोरून गळ्यात घालायला.
पुढं चकत्या गेल्या. म्हातारी नंबर मारत राहिली
नावाच्या खाली.
बर्फ वितळायची वाट बघायची, मग बोटीतून दगड आणायची,
दारात बसून घासायची, धूळ घरात नको म्हणून.
धूळ तरीही छातीत गेलीच.

बापानं ट्रंक उघडली.
वरची लुगडी बाजूला केली. तळातून
आज्याचा पितळी बिल्ला काढला,
धरणाच्या कामावरचा.
३१७.
सीलच्या शेजारी ठेवला, जरा वेळानं परत ट्रंकेत टाकला.

ह्ये जनावर करतं तरी काय, म्हणाला.
मोबाइलवर दाखवलं:
पांढऱ्या शुकशुकाटात एक भोक,
भोकातून वर आलेलं नाक,
एक फुस्स,
परत पाणी.
"मंजी रंकाळ्यातली म्हस की गं!"

टवका बसला. सांधा कुठे आहे ते
माहीत असूनही बोटाला लागत नव्हता.
पाट्याचे दीडशे घेतले. सीलचे घेतले नाहीत.
"ती काय मजुरी मागाया येनार हाय व्हय?"

त्यानंतर चार-पाच दिवस सकाळी तो घरात नसायचा.
संध्यामठाच्या अंगाला बसलेला दिसला, विडीशिवाय.
रंकाळा म्हणजे जुनी खाण, असं सगळेच सांगतात.
बाप सांगतो, आपल्याच कुणीतरी खणलेली,
दगड देवळाला गेला, खड्डा आपल्याला राहिला,
पाणी नंतर आलं.
त्या पाण्यात म्हशी शिंगांपर्यंत बुडाल्या होत्या.
तो मोजत होता. किती वेळानं नाक वर येतं.

मग पाट्याचा एक चिरलेला तुकडा घेतला.
काळा फत्तर. ह्याला कानस चालत नाही,
प्रत्येक घावाला ठिणगी,
टाकी दिवसातून दोनदा शेवटावी लागते.
पाय कोरले नाहीत. पोट नाही.
नुसता पाठीचा कणा, मागं वळलेली शिंगं,
बाकी सगळा दगड पाणी म्हणून सोडून दिलेला.

नाकपुड्या राहिल्या होत्या.
मी चहा घेऊन गेले तर
हातोडा डाव्या हातात.
त्या हाताला सवय नाही. एक नाकपुडी
मोठी झाली.
म्हटलं, दुसरी तेवढीच करा.
"ऱ्हाऊ दे," म्हणाला,
"वर येताना तेवढी लागती."